राणीची न्हाणी

"मावशी, हे काय केलंत?"

खणणारी मुलगी ट्रे हातात धरून उभी होती आणि तिचा आवाज पार खोल गेला होता. ट्रेमध्ये फुटक्या मडक्यांची खापरं होती. काल संध्याकाळपर्यंत ती काळीकुट्ट होती. आता गुलाबी झाली होती, तान्ह्या बाळाच्या टाचेसारखी.

"धुतली," इस्त्रीमावशी म्हणाली. "तूच म्हणालीस ना, धुवा म्हणून?"

"नुसत्या पाण्यानं हो! मऊ ब्रशनं! आतली काजळी गेली की सगळी."

"जाणारच. सोडा घातला, वर तारेच्या चोथ्यानं घासली. तुमच्या पिढीला घासणं ठाऊकच नाही. गालाला पावडर लावल्यासारखा ब्रश फिरवता नुसता."

"मावशी, मला काजळीच हवी होती! त्या काजळीवरून कळतं, मडक्यात काय शिजत होतं ते."

"मग आधी बोलायचं, घाण ठेवा म्हणून. अख्ख्या जन्मात मला कुणी घाण ठेवायला सांगितलं नाही. मला कसं सुचणार?"

मुलीनं एक गुलाबी खापर उलटंपालटं करून बघितलं. ती ट्रे घेऊन आपल्या तंबूत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बहुतेक रडत असावी. शिकलेल्या माणसांना कशाचं रडू येईल सांगता येत नाही.

इस्त्रीमावशीला इस्त्री म्हणायचे ते दोन कारणांनी. एक तर तिला तापायला वेळ लागत नसे. आणि दुसरं, एखाद्यावरून एकदा फिरली की त्या माणसाची एकही सुरकुती जागेवर राहत नसे. मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात जी लॉन्ड्री होती, तिथे तिनं सगळं आयुष्य काढलं. वर माणसं जन्मायची, मरायची, ओकायची आणि त्या सगळ्याचा हिशेब चादरींवरून खाली यायचा. एकदा एक चादर इतकी मळली होती की ती गाडीवर घालावीच लागली नाही, आपल्या पायांनी जिना उतरून खाली आली, असं मावशी शपथेवर सांगायची. पण हे सांगायची ते फक्त लॉन्ड्रीतल्या बायकांना. निवृत्त झाली तशी तिनं लॉन्ड्रीचं नावच टाकलं.

त्यालाही कारण होतं. तिची सून नवीन ओळखीच्या बायकांना सांगायची, "आमच्या सासूबाई हॉस्पिटलात होत्या," आणि मग अशी काही थांबायची की ऐकणारी आपणहून मावशीच्या डोक्यावर नर्सची टोपी चढवायची. मावशीनं ती टोपी काही काढली नाही. उलट गल्लीतल्या निम्म्या लोकांना तिनं खोकल्यापासून मूळव्याधीपर्यंत औषधंसुद्धा सांगितली. कुणी दगावलं नाही, हे त्या लोकांचं नशीब.

आणि त्याच सुनेनं मावशीचं नाव खोदकामाच्या स्वयंसेवकांत घातलं होतं. म्हणाली, "आई, तुम्हालाही जरा बदल होईल." खरं म्हणजे बदल सुनेला हवा होता. मावशी घरात असली की भांडी लावण्यापासून मुलाच्या ढेरीपर्यंत कशावरही तिचं मत तयार असे.

खोदकाम चाललं होतं ते कॉलनीच्या मागे, जुनं गोदाम पाडलं त्या जागी. गाड्या उभ्या करायला तळ करायचा होता. पाया खणताना खाली दगडी बांधकाम लागलं आणि सगळंच अडलं. मग ही मुलगी आली. दिवसभर जमिनीत तोंड खुपसून बसते म्हणून कॉलनीनं तिला घूस नाव दिलं. तिला ते कळलं तेव्हा ती हसली, आणि मावशीला ती तिथेच थोडीशी आवडली. थोडीशीच.

खापरांचं ते झालं, आणि घुशीनं मावशीला धुण्यावरून काढून फाटकावर बसवलं. "मावशी, तुम्ही लोकांचं स्वागत करा. माहितीपत्रक द्या."

"कुठल्या लोकांचं?"

हा प्रश्न बरोबर होता. लोक नव्हतेच.

फाटकावर भला मोठा फलक लावला होता, "पायाखालचा इतिहास: या, पाहा, हात लावा!" तो इतका उंच लावला होता की वाचायचा तर मान मोडून घ्यावी लागे. ज्यांची मान धड होती ते मोबाइलमध्ये बघत जायचे. आत आला तो एक माणूस, त्यानं विचारलं, "इथे मुतारी आहे का?" दुसरा आला तो हरवलेलं कुत्रं शोधत. तिसऱ्यानं माहितीपत्रक घेतलं, त्याची पुंगळी केली, कानात घालून खाजवलं आणि परत दिलं.

मावशीनं ते पत्रक वाचून पाहिलं. "बहुस्तरीय वसाहतीच्या भौतिक अवशेषांचे सहभागी वाचन," असं पहिलंच वाक्य होतं.

"पोरी, हे तू लिहिलंस?"

"समितीनं लिहिलं."

"वाटलंच. हे वाचून माणूस येईल की पळेल?"

समिती म्हणजे कॉलनीची वारसा समिती, आणि समिती म्हणजे तिचे अध्यक्ष. हे गृहस्थ बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले होते आणि त्या दिवसापासून फिती कापत होते. व्यायामशाळेची कापली, एटीएमची कापली, सार्वजनिक शौचालयाचीसुद्धा कापली आणि पहिला मान म्हणून आत जाऊन आले. कात्री स्वतःची बाळगत. सगळे त्यांना मागून फीतकापे म्हणायचे. खड्ड्याला दार नसतं, तरी खोदकाम सुरू झालं त्या दिवशी दोन खुंट्या ठोकून फीत बांधली होती. ती कापून अध्यक्ष खड्ड्याच्या काठावर उभे राहिले, खाली बघितलं, "वा," म्हणाले आणि पुन्हा कधी फिरकले नाहीत.

"आणि एवढं आहे तरी काय खाली?" मावशीनं एका दुपारी विचारलं. इतके दिवस ती फाटकावर बसली होती, पण आत जाऊन बघावं असं काही तिला वाटलं नव्हतं.

घुशीचा चेहरा उजळला. "मावशी, ही धुण्याची जागा आहे. अख्ख्या वस्तीची. शेकडो वर्षांपूर्वीची. हा पाण्याचा हौद, हे उतरते दगड, ही मळकं पाणी जायला केलेली पन्हळ. पिढ्यान्पिढ्या इथे बायका कपडे धूत होत्या."

मावशी तिच्याकडे बघत राहिली. "धुणं?"

"हो!"

"धुण्यासाठी तू इतके महिने उन्हात भाजून घेतेस? आणि मग म्हणतेस लोक का येत नाहीत! अगं, धुणं बघायला कोण येईल? धुणं घरात पडलंय की प्रत्येकाच्या. धुण्यात बघण्यासारखं काय असतं?"

घुशीचा चेहरा पडला. मग हळूच म्हणाली, "महिनाअखेर समिती बघणार आहे किती लोक आले ते. आले नाहीत तर म्हणणार, लोकांना नको आहे. मग खड्डा बुजवून गाड्यांचा तळ."

मावशी फाटकावर परत आली. तिला मुलीची दया आली, असं म्हणायला जागा आहे. पण खरं सांगायचं तर तिला त्या रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांची चीड आली होती. एवढी पोर घाम गाळते आणि हे मान वळवून बघत नाहीत. रस्त्यात दोन म्हशी... छे, दोन स्कूटरी एकमेकींवर आपटल्या तर तास तास उभे राहतील.

तेवढ्यात दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली एक बाई फाटकापाशी दम खायला थांबली. "काय चाललंय हो आत?" असं विचारलं तिनं, उत्तर नको असल्यासारखं.

मावशीनं इकडेतिकडे बघितलं. आवाज खाली आणला.

"कुणाला बोलू नका. राणीची न्हाणी सापडलीय."

बाईनं पिशव्या खाली ठेवल्या.

एकदा पिशव्या खाली आल्यावर मावशी काय थांबते! राणीचे केस इतके लांब होते की ती न्हायला बसली की वेणीचं टोक पलीकडच्या गल्लीत वाळत असायचं. कुणी चुकून त्यावर पाय दिला की इकडे राणी किंचाळायची. डोक्यावर पाणी घालायला चाळीस दासी, आणि गुंता काढायला होडीच्या वल्ह्याएवढा कंगवा. न्हाणीचं पाणी त्या पन्हळीतून नदीला मिळायचं तेव्हा खाली मासे साबणाच्या फेसानं शिंकायचे. दूरच्या राजानं असला शिंकणारा मासा पकडला, त्याचा वास घेतला आणि तिथल्या तिथे प्रेमात पडला.

"राणीच्या?"

"मग काय माशाच्या?"

बाई आत गेली. बघून बाहेर आली तेव्हा तिचे डोळे मोठे झाले होते. संध्याकाळी ती नवऱ्याला घेऊन आली. दुसऱ्या दिवशी तिची बहीण आली, बहिणीची विहीण आली. आठवडा सरतो न सरतो तोच फाटकाबाहेर रांग लागली. एक जण तर गल्लीत कुठे कुठे वेणी वाळायची त्या जागा दाखवायला लागला. जी माणसं फुकटच्या पत्रकानं कान खाजवत होती ती आता आत जाताना चपला काढायला लागली! जाडजूड बायका त्या ओबडधोबड दगडांकडे बघून म्हणायच्या, "काय ते सुख, काय तो थाट!" वर्तमानपत्रवाला आला. आणि अर्थात कात्री खिशात घालून फीतकापे आले.

घुशीला इतके दिवस काही कळलं नव्हतं. ती बापडी खाली दगडांची मापं घेत होती आणि वर लोक आले म्हणून खूश होती. मग एका माणसानं तिला विचारलं, "मॅडम, तो कंगवा कधी सापडेल?"

ती तरातरा फाटकावर आली.

"मावशी, लोकांना काय सांगितलंत तुम्ही?"

"आले की नाही?"

"आले. पण कशाला आले?"

"कशाला का येईनात. तुझा खड्डा बुजत नाही ना आता? मग? खरं सांगून तू काय दिवे लावलेस? एक कुत्रंसुद्धा आलं नाही. आला तो हरवलेलं कुत्रं शोधणारा मालक."

घुशीनं मावशीचा हात धरला. "या माझ्याबरोबर. खाली या."

"माझे गुडघे..."

"या म्हणते ना."

शिडी लावलेली होती. मावशी कुरकुरत उतरली. खाली गेल्यावर हवा जरा गार लागली. हौदाच्या कडेला उतरत्या दगडांची रांग होती आणि प्रत्येक दगडाला मध्ये खोलगट खळी पडली होती.

"हे पाण्यानं झिजलेलं नाही," घूस म्हणाली. "हातांनी झिजलंय. कपडा घासून घासून, आपटून आपटून. दगड असा झिजायला किती पिढ्या लागतात विचार करा. आणि हे इथे बघा, पाय टेकून टेकून पडलेले दोन खड्डे."

मावशी बघत होती. मग ती दगडाच्या मागे जाऊन उभी राहिली. पाय आपोआप त्या दोन खड्ड्यांत गेले. कंबर आपोआप वाकली. तळघरात सगळं आयुष्य ज्या कोनात ती वाकली होती, तोच हा कोन. पाठीत तीच जुनी कळ, त्याच मणक्यात.

बराच वेळ ती काही बोलली नाही. ही गोष्ट इतकी नवलाची होती की घूसच घाबरली. "मावशी? बरं वाटतंय ना?"

"यांची नावं?"

"कुणाची?"

"या बायकांची."

"धुणाऱ्यांची नावं कोण लिहून ठेवतं, मावशी?" घूस म्हणाली. "राण्यांची ठेवतात."

त्या मुलीनं हे टोचायला म्हटलं नव्हतं. पण लागायचं तिथे लागलं. एवढ्या बायका शेकडो वर्षं मातीखाली दबून होत्या, त्या आत्ता कुठे वर आल्या होत्या, आणि मावशीनं त्यांच्या उरावर लांब केसांची एक बाई आणून बसवली होती. बाकीच्यांना शिव्या घालायची तिला सवय होती. स्वतःला घालायची वेळ पहिल्यांदाच आली, आणि तिनं त्यातही काही कसूर ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती समितीच्या ऑफिसात गेली. टेबलावर रंगीत चित्र पसरलेलं होतं. दगडांवर गुळगुळीत फरशी, मधोमध कारंजं, कारंज्यात केस सोडून बसलेली सिमेंटची राणी आणि वर मोठी पाटी: राणीची न्हाणी.

"या या, मावशी!" फीतकापे म्हणाले. "तुमच्यामुळे परिसराचं नाव झालं. रविवारी अनावरण. तुम्ही दोन शब्द बोलायचे."

"ही फरशी कशाला?"

"ते दगड फार ओबडधोबड आहेत हो. पाहुण्यांचे पाय घसरतील. वरून काँक्रीट टाकून सपाट करून घेऊ."

"पण दगड हेच खरं आहे त्यातलं! अध्यक्षसाहेब, राणीबिणी कुणी नव्हती. ती धुण्याची जागा आहे. राणी मी केली, फाटकावर बसून."

फीतकाप्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. लहान मुलाला समजावताना करतात तसं हसले.

"मावशी, लोककथा असं कुणी एक माणूस करत नसतो. ती लोकांच्या मनात असतेच. तुमच्या तोंडून बाहेर पडली इतकंच."

"माझ्या तोंडून काय बाहेर पडतं ते मला विचारा! शिंकणारा मासा लोकांच्या मनात होता?"

"मासा आपण वगळलाय."

"आणि त्या मुलीनं अहवाल दिलाय त्याचं काय? त्यात स्पष्ट लिहिलंय ना, धुण्याची जागा म्हणून?"

"तो झाला तज्ज्ञांचा दृष्टिकोन. आपण लोकांच्या भावनेचाही विचार केला पाहिजे." मग ते पुढे झुकले. "आणि खरं सांगा, धुण्याची जागा म्हटलं तर कोण येणार? धुण्यात बघण्यासारखं काय असतं?"

हे वाक्य आपण कुठे ऐकलं, ते मावशीला जिना उतरताना आठवलं.

घरी सून कपाटातून सगळ्यात चांगली पांढरी चादर काढत होती. पाहुण्यांसाठी ठेवलेली, घडीही न मोडलेली. "रविवारी पाटीवर घालायला मागितलीय अध्यक्षांनी," ती म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. "आई, तुम्ही स्टेजवर असणार ना? माझ्या ऑफिसातल्या सगळ्या येणार आहेत."

"येऊ देत. मी खरं काय ते सांगणार आहे."

"काय खरं?"

"राणी नव्हती. धुणाऱ्या बायका होत्या. आणि मला कसं कळलं विचारतील, तर मीही लॉन्ड्रीत होते."

सुनेनं चादर मांडीवर ठेवली. "त्याचा इथे काय संबंध?"

"आहे संबंध."

"आई, तुम्ही कधी... मीही कधी खोटं बोलले नाही. हॉस्पिटलातच होतात ना तुम्ही?"

"तळघरात होते."

"पण हे चारचौघांत कशाला? इतकी वर्षं नाही सांगितलं, आता काय बिघडलं? मी त्यांना काय तोंड दाखवू?" सुनेनं चादर पुन्हा उचलली. "तुम्हाला लाज वाटत नव्हती तर तुम्ही का गप्प होतात?"

सून कधी नव्हे ते नेमकं बोलली होती.

रविवारी खड्ड्याच्या काठावर मांडव घातला होता. धूळ उडू नये म्हणून सकाळीच टँकरनं पाणी मारलं होतं, त्यामुळे सगळीकडे चिखल झाला होता, आणि खुर्च्या हळूहळू त्यात रुतत होत्या. पुढच्या रांगेतला एक लठ्ठ पाहुणा भाषणं संपेपर्यंत चार बोटं खाली गेला. पण त्याला पत्ता नव्हता. सून आणि तिच्या मैत्रिणी दुसऱ्या रांगेत होत्या. घूस अगदी मागे उभी होती, कुणाच्या तरी दहनाला आल्यासारखी.

मावशीला बोलावलं तशी ती माइकपाशी गेली.

"इथे राणी नव्हती," ती म्हणाली. "ती मी रचली. तुम्ही येत नव्हतात म्हणून रचली. खोटं सांगितलं तर धावत आलात. इथे बायका कपडे धूत होत्या. एका पिढीनं दगड झिजवला, मग दुसरीनं. त्यांना केस होते, पण विंचरायला वेळ नव्हता. मला हे समजलं, कारण मी नर्स नव्हते. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत होते. तुमच्यातले निम्मे लोक ज्या चादरींवर जन्मले, त्या मी धुतल्यात. त्यांचं काय झालं होतं ते मी इथे सांगत नाही."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. मग कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळेच हसले, टाळ्या पडल्या.

"मावशी, भारीच!" मागून एक जण ओरडला. "पण राणीचीच सांगा हो! ती जास्त खरी वाटते!"

"अरे मेल्यांनो, हेच खरं आहे!"

अजून हसणं. फीतकाप्यांनी हळूच माइक काढून घेतला. "आमच्या मावशी फार विनोदी," म्हणाले. "आता अनावरण."

त्यांनी दोरी ओढली. चादर पाटीच्या कोपऱ्यात अडकली. त्यांनी जोरात हिसका दिला. पाटी उघडी पडली, टाळ्या वाजल्या, आणि ती पांढरी चादर हवेत एक गिरकी घेऊन सरळ खड्ड्यात, चिखलात जाऊन पडली.

"माझी चादर!" सून उभी राहिली.

कुणी हललं नाही. पण मावशीला पांढरी चादर चिखलात बघवेना. तिनं बाह्या वर सारल्या, शिडीवरून उतरली आणि चादर उचलली. "पाणी!" ती खालून ओरडली. "बघता काय? तोंडं उघडी टाकून उभे राहू नका, बादली द्या कुणीतरी!"

बादली घुशीनं दिली. दगडांवर पाण्याचा थेंब पडला तरी कावणारी ती मुलगी, तिनं बादली भरभरून दिली. मग दुसरी दिली.

मावशीचे पाय त्या खड्ड्यांत गेले. चादर दगडावर पडली आणि पहिला धपका बसला. तो आवाज खड्ड्याच्या भिंतींवरून असा घुमला की वरचे लोक बोलता बोलता थांबले. ती घासत होती, उलटत होती, आपटत होती. मळकं पाणी दगडावरून उतरलं आणि कुणी दाखवायच्या आत पन्हळीत शिरून वळसा घेत खाली निघून गेलं. शेकडो वर्षं मातीनं भरलेली ती पन्हळ, जणू कालच कुणी वापरली होती.

लोक काठावर गोळा झाले. आता कुणी हसत नव्हतं. एक म्हातारा पुटपुटला, "अरेच्चा, पाणी बरोब्बर जातंय की."

"म्हणजे राणी नव्हतीच?" एका बाईनं विचारलं.

"असेल हो," दुसरी म्हणाली. "तिच्या चादरी इथे धूत असतील."

काय म्हणणार अशा लोकांना! डोळ्यांसमोर धुणं चाललंय आणि यांना राणी सुटत नाही.

फीतकाप्यांचे डोळे मात्र लकाकले. "हे तर सुंदर आहे! दर रविवारी ठेवू. प्रात्यक्षिक!"

"ठेवा," घूस चटकन म्हणाली. "पण फरशी घालता येणार नाही मग. दगड उघडेच लागतील."

फीतकाप्यांनी गर्दीकडे बघितलं, मग दगडांकडे, मग पुन्हा गर्दीकडे. "बरं, फरशी राहू दे," म्हणाले. पाटीचं नाव त्यांनी काढलं नाही. पाटी रंगवून झाली होती.

काठावर सुनेच्या शेजारी तिची मैत्रीण उभी होती. "तुझ्या सासूबाई नर्स होत्या ना गं?" तिनं विचारलं.

सून खड्ड्यात बघत होती. खाली मावशीनं चादर पाण्यातून काढली आणि ती भिजलेली जड चादर दोन्ही हातांत घेऊन उभी राहिली. तिनं वर बघितलं. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं.

"नाही," सून म्हणाली. "लॉन्ड्रीत होत्या."

मग तिनं सॅंडल काढून मैत्रिणीच्या हातात दिल्या आणि शिडी उतरली. कपाळावर आठ्या होत्या. माफी मागायला वगैरे ती आली नव्हती, चादर तिची होती. पुढच्या दगडापाशी जाऊन तिनं दुसरं टोक धरलं आणि पिळायला लागली. चादर नुसतीच गोल गोल फिरली.

"अगं, माझ्याच बाजूनं काय पिळतेस!" मावशी कडाडली. "उलट पीळ, उलट! इतकी वर्षं घरात उलटच वागतेस, आणि आत्ता बरी सुलट वागायला लागलीस!"

"ओरडू नका, लोक बघताहेत!"

"बघू देत. बघायलाच आलेत."

सुनेनं पाय रोवले आणि दात खाऊन उलट पीळ दिला. चादरीतून पाणी धारेनं खाली पडलं, मग थेंबाथेंबानं. चादरीचा ताठ दोर झाला, तरी दोघींतली एकही टोक सोडेना.